दिसतं ते ग्राफवर काढा

ताई, नमस्कार. माझं वय ३७. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे विणीतल्या नक्षीची, डिझाईन करते. आधी ग्राफ पेपरवर चौकोन भरायचो, आता सगळं कॉम्प्युटरवर. सात महिन्यांपूर्वी डोळ्यांत खडा गेल्यासारखं खुपायला लागलं, संध्याकाळपर्यंत डोळे लालबुंद. डॉक्टरांनी 'ड्राय आय' सांगितलं, थेंब दिले. खुपणं पुष्कळ कमी झालं, पण नजरेचं काहीतरी भलतंच सुरू झालंय. अक्षराखाली फिकट दुसरं अक्षर दिसतं. रात्री स्कूटरवरून येताना समोरच्या दिव्यांना काटे फुटतात. आभाळाकडे बघितलं की बारीक चमकते ठिपके पळतात, शिवाय एक धाग्याचा तुकडा तरंगत असतो. आणि दोनदा नागमोडी, चमचमती रेघ आली, हळूहळू मोठी झाली आणि वीस-पंचवीस मिनिटांनी गेली. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी तक्ता वाचायला लावला आणि म्हणाले, 'सिक्स बाय सिक्स आहे, काळजी करू नका, थेंब चालू ठेवा.' मिस्टर म्हणतात, डोक्यातून काढून टाक. सासूबाई एरंडेल घाल म्हणतात. मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर शोधत बसते, आणि जे वाचीन ते मला झालंय असं वाटतं. मेंदूत गाठ असेल का? डोळे गेले तर काम जाईल, मुलगी दहावीला आहे. नाव छापू नका.
एक वाचक, सोलापूर

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमची भीती कळली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं, की तुम्ही फार नीट बघणाऱ्या बाई आहात. 'धूसर दिसतं' एवढंच लिहून तुम्ही थांबला नाहीत. सावली, काटे, ठिपके, धागा, रेघ, पाचही गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्यात. डिझाईन करणाऱ्या माणसाचा डोळा आहे तो. त्यावरच माझं आजचं उत्तर उभं आहे.

मी डॉक्टर नाही. नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून सरकारी दवाखान्यांत नोकरी केली. नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, अश्रू किती येतात ते मोजायला पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसणं, हे माझं काम होतं. त्यामुळे मी निदान करणार नाही. पण या पाच गोष्टींचा गुंता कसा सोडवायचा आणि डॉक्टरांपुढे कसा मांडायचा, ते सांगू शकते.

तुमच्या बाबतीत झालंय ते असं. 'ड्राय आय' हे निदान बरोबर आहे, पण त्या एका पोत्यात पाचही गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. त्यातल्या एक-दोन त्या पोत्यातल्या आहेत. बाकीच्यांची जागा दुसरीकडे आहे. थेंबांनी त्या गेल्या नाहीत म्हणून तुम्हाला वाटतंय, काहीतरी भयंकर सुटून गेलंय. थेंबांनी त्या जाणारच नव्हत्या.

आधी सावलीचं बघू, कारण तुमच्या कामात तीच सगळ्यात जास्त आड येत असणार. आपल्या बुबुळावर अश्रूंचा एक पडदा असतो, जेमतेम तीन मायक्रॉन जाडीचा. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातल्या एका भागापेक्षाही पातळ. खाली चिकट थर, मध्ये पाणी, वर तेलाची साय. ही साय पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येते आणि खालचं पाणी उडू देत नाही. उजेड डोळ्यात शिरताना पहिल्यांदा या पडद्यावर वळतो. पडदा गुळगुळीत असला की अक्षर एक दिसतं. तो मध्येच फाटला की उजेड दोन-तीन वाटांनी आत जातो आणि अक्षराला सावली पडते. पापणी मिटून उघडली की ताजा पडदा पसरतो, सावली पुसली जाते. काही सेकंदांनी परत येते.

तक्ता नीट वाचता आला तो याचमुळे. तपासणीच्या खुर्चीत माणूस सावध असतो. प्रत्येक ओळीआधी पापणी मारतो, आणि त्या ताज्या पडद्यातून सिक्स बाय सिक्स सहज वाचून जातो. तक्ता खोटा नाही. तो दोन सेकंदांची नजर मोजतो, तुम्ही मात्र आठ तास स्क्रीनकडे बघता. एरवी माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मारतो. स्क्रीनसमोर ते पाच-सातवर येतं, आणि त्यातल्याही बऱ्याच पापण्या अर्ध्याच मिटतात.

उद्या कारखान्यात हे करून बघा. स्क्रीनवर काळ्या अक्षरांची एक ओळ ठेवा. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. पापणी एकदा सावकाश पूर्ण मिटा, उघडा आणि मनात मोजायला लागा. सावली कितव्या सेकंदाला आली ते लिहून ठेवा. मग दुसरा डोळा. दहाच्या आत सावली येत असेल आणि पापणी मारली की जात असेल, तर ती कोरडेपणाची आहे असं मानायला भरपूर जागा आहे. पापणी मारूनही ती जागची हलत नसेल, तर जाड कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून बघा. भोकातून अक्षर एकटं, स्वच्छ दिसलं तर दोष डोळ्याच्या पुढच्या काचेत किंवा नंबरात आहे. सिलिंडरचा नंबर बदलला असेल, बुबुळाचा आकार वेडावाकडा असेल, कधी मोतीबिंदूची सुरुवातही असते. अशा वेळी डॉक्टरांना बुबुळाचा नकाशा काढायची तपासणी लागेल का, ते विचारा.

एक डोळा झाकल्यावरही दुहेरी दिसणं आणि दोन्ही डोळे उघडे असतानाच दुहेरी दिसणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक डोळा झाकला की दुहेरीपण जात असेल, तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय आणि ते ताबडतोब दाखवायचं. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण हाताने झाकून खात्री करा.

रात्रीचे काटे बहुतेक सावलीचीच बहीण आहेत. अंधारात बाहुली मोठी होते, पडद्याचा जास्त भाग वापरात येतो, म्हणून त्याची फाटकी जागाही जास्त दिसते. पण डोळ्याला दोष द्यायच्या आधी हेल्मेटची काच उजेडासमोर धरा. वर्षभर धूळ बसलेली काच ओढणीने कोरडीच पुसली, की तिच्यावर बारीक गोल ओरखडे पडतात आणि प्रत्येक दिव्याला काटे फुटतात. काच बदलायला फार पैसे लागत नाहीत. चष्मा असेल तर तोही तसाच तपासा. दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं आणि त्याबरोबर डोळा दुखला, डोकं ठणकलं, उलटी झाली, तर मात्र तो काचबिंदूचा झटका असू शकतो. त्याला रात्र घालवायची नसते.

आता आभाळातले ठिपके. हे वाचून तुम्हाला आजच हलकं वाटावं, अशी माझी फार इच्छा आहे. निळ्या आभाळावर बारीक चमकते ठिपके वाकड्यातिकड्या वाटांनी पळताना दिसतात, ते तुमच्या स्वतःच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे. डोळ्याच्या मागच्या पडद्यासमोरच्या बारीक केशवाहिन्यांतून त्या जातात. तांबड्या पेशी निळा उजेड शोषतात, पांढऱ्या तो जाऊ देतात, म्हणून चमक दिसते. नीट बघितलं तर नाडीच्या ठोक्याबरोबर त्यांचा वेग बदलतो. जवळजवळ कुणालाही लक्ष देऊन बघितलं की दिसतात. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर मुलीला उभं करा आणि सूर्याकडे पाठ करून निळ्या आभाळाकडे बघायला सांगा. तिलाही दिसतील.

तरंगणाऱ्या धाग्याची गोष्ट वेगळी. डोळ्याच्या आत जेलीसारखा पदार्थ असतो, त्याचे तंतू एकत्र आले की त्यांची सावली मागच्या पडद्यावर पडते. नजर फिरवली की धागा मागून लहरत येतो, थांबली की सावकाश खाली बसतो. एक जुना, न बदलणारा धागा पुष्कळांना असतो. पण 'असतो' म्हणून बघायचंच नाही, असं मी कुणालाही सांगणार नाही. त्याचं कारण माझ्या स्वतःच्या नोकरीतलं आहे.

पन्नाशीतल्या एक बाई कोरड्या डोळ्यांसाठी आमच्याकडे यायच्या. एकदा म्हणाल्या, डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं होतं आणि काळे तीळ पडतात. बाहेर साठ-सत्तर पेशंट बसलेले. मी त्यांच्या कागदावर आधीचं निदान वाचलं आणि म्हटलं, 'कोरडेपणाचंच असेल, थेंब वाढवा.' बाहुली मोठी करायचे थेंब घालून डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही. दोन आठवड्यांनी त्या परत आल्या. एका बाजूने काळी साडी वर सरकत आल्यासारखं त्यांना दिसत होतं. मागचा पडदा सुटला होता. पुण्याला ऑपरेशन झालं, नजर थोडी आली, पहिल्यासारखी आली नाही. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यानंतर कागदावर आधीचं निदान कितीही ठळक अक्षरात असो, 'नवीन काय दिसतंय?' हे मी प्रत्येकाला विचारत गेले.

म्हणून तुम्हाला विचारते: या सात महिन्यांत थेंब घालून, बाहुली मोठी करून, डोळ्याच्या मागचा पडदा कुणी बघितलाय का? पत्रात त्याचा उल्लेख नाही. बघितला नसेल तर तुमचं पहिलं काम ते. नंबर उणे सहा किंवा त्याहून जास्त असेल, डोळ्याला कधी मार लागला असेल, किंवा घरात कुणाचा पडदा सुटला असेल, तर हे आपणहून सांगा.

नागमोडी रेघेने तुम्हाला सगळ्यात जास्त घाबरवलंय, आणि वर्णन तिचंच सगळ्यात नेमकं आलंय. हळूहळू मोठी होणारी, चमचमणारी, वीस-पंचवीस मिनिटांत निघून जाणारी रेघ मायग्रेनच्या आधी दिसते. कित्येकांना नंतर डोकं दुखतच नाही, म्हणून मायग्रेनचं नाव कुणाच्या मनात येत नाही. ती डोळ्यात तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूला मेंदूचा जो भाग बघण्याचं काम करतो, त्याच्यावरून एक संथ लाट सरकत जाते, तिची ती रेघ. साधारण पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते. पुढच्या वेळी आली तर आधी बसा, गाडीवर असाल तर बाजूला घ्या. मग एकेक डोळा झाका. दोन्ही डोळ्यांनी, अगदी मिटल्यावरही दिसत असेल, तर मेंदूतली लाट. एकाच डोळ्यात दिसत असेल, तर तो डोळा आणि त्याच्या रक्तवाहिन्या तपासायला हव्यात.

१८७० साली ह्यूबर्ट एअरी नावाच्या इंग्लंडमधल्या डॉक्टरने स्वतःला दिसणारी अशीच रेघ टप्प्याटप्प्याने कागदावर काढली: सुरुवातीला एवढीशी, मग किल्ल्याच्या तटासारखी कोपरे कोपरे होत वाढलेली. त्यांची ती चित्रं डॉक्टर आजही बघतात. तुम्ही तर हेच काम रोज करता. ग्राफचा कागद आणि पेन्सिल पर्समध्ये ठेवा. रेघ आली की वेळ लिहा, दर पाच मिनिटांनी तिचा आकार काढा, गेली की पुन्हा वेळ लिहा. न्यूरॉलॉजिस्टपुढे असा कागद ठेवलात, तर पाच मिनिटांच्या बोलण्याने होणार नाही ते काम तो कागद करील.

हे मायग्रेन आहे असं मी इथून ठरवणार नाही. अशी रेघ आयुष्यात पहिल्यांदाच आली असेल, तर ती डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवी, रक्तदाब मोजला जायला हवा. आणि एक गोष्ट पत्रात लिहायला अवघड वाटली असेल म्हणून मीच विचारते: पाळीसाठी किंवा मूल नको म्हणून गोळ्या चालू आहेत का? असतील तर रेघेबद्दल त्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना लगेच सांगा. अशी रेघ दिसणाऱ्या बायकांना इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या देत नाहीत, कारण त्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो. दुसरे उपाय आहेत, ते मिळतात.

मेंदूतल्या गाठीबद्दल. तुमच्या पाच गोष्टींपैकी एकही तिची साधी-सरळ खूण नाही. गाठीने डोक्यातला दाब वाढला तर सकाळी उठताना डोकं दुखतं, दिवसेंदिवस वाढत जातं, उलट्या होतात, वाकलं की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. मुख्य म्हणजे डोळ्याच्या मागच्या नसेवर सूज येते, आणि ती सूज बाहुली मोठी करून बघितलं की डॉक्टरांना दिसते. म्हणजे ज्या तपासणीसाठी मी तुम्हाला पाठवतेय, तिच्यातून तुमच्या रात्री दोनच्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर मिळेल. एमआरआय लागेल का, हे त्यानंतर ठरतं. आधी स्वतःच जाऊन काढून आणू नका.

तुमच्या ग्राफ पेपरचा आणखी एक उपयोग आहे. दहा सेंटिमीटरचा चौकोन आखा, मधोमध काळा ठिपका द्या. जवळचा चष्मा असेल तर लावा, कागद हातभर नाही, वीतभराहून थोडा जास्त, म्हणजे तीस सेंटिमीटरवर धरा. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघत राहा. आजूबाजूच्या रेघा सरळ आहेत का? कुठे चौकोन वाकलेत, गायब झालेत, धुरकट आहेत? मग दुसरा डोळा. ताण्याचा एक धागा सैल पडला तरी तुम्हाला कापडात कळतो, तसं हे कळेल. रेघा वाकड्या दिसल्या तर दोष मागच्या पडद्याच्या मध्यावर असू शकतो. त्याच आठवड्यात दाखवा.

काही गोष्टींसाठी मात्र आठवडासुद्धा थांबायचं नाही. अचानक काळ्या तिळांचा पाऊस, कोपऱ्यात विजा, बाजूने सरकत येणारा पडदा. एका डोळ्याची नजर दोन मिनिटांसाठी का होईना गेली आणि परत आली. डोळा फिरवताना आत दुखतं आणि लाल रंग त्या डोळ्याला फिका दिसतो. दिसण्याच्या गडबडीबरोबर हात-पाय बधिर झाला, बोलताना शब्द अडखळले. सासूबाईंसाठीही एक लक्षात ठेवा: पन्नाशीनंतर कानशिलं दुखतात, घास चावताना जबडा दुखतो आणि नजर अंधुक होते, तर त्याच दिवशी जायचं. यातलं काहीही झालं तर सिव्हिल हॉस्पिटल गाठा किंवा जवळचे डोळ्यांचे डॉक्टर, पण त्याच दिवशी. बोलणं अडखळलं किंवा हात-पाय बधिर झाला तर डोळ्यांच्या दवाखान्यात वेळ न घालवता सरळ हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात.

आता कोरडेपणाकडे परत येते, कारण तोही खरा आहे आणि सोलापुरात तो जास्त छळतो. मार्चपासून हवेतला ओलावा जातो, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर राहतो, कारखान्यात सुताचं तूस उडत असतं, आणि वरून पंखा किंवा कूलरचा झोत थेट तोंडावर. तो झोत आधी बाजूला वळवा. कूलर खोलीत असू द्या, फक्त वारा चेहऱ्यावर नको. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडी खाली घ्या. नजर खाली असली की पापणी अर्धी झुकते आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांब वीस सेकंद बघा, आणि त्या वेळात दहा पापण्या पूर्ण, सावकाश मिटा.

आमच्या दवाखान्यात एक काका आले होते, दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी. डोळे कोरडे आहेत म्हटल्यावर भडकलेच, 'पाणी गळतंय आणि कोरडे कसे म्हणता?' तेलाची साय नसली की पडदा फाटतो, डोळा चुरचुरतो आणि मेंदू घाईने पाण्याचा लोंढा सोडतो. तो लोंढा टिकत नाही, गालावर ओघळतो. त्यांच्या पापण्यांच्या कडेच्या ग्रंथी तुंबल्या होत्या. तुमच्याही बघून घ्या. थेंब फक्त पाणी भरतात, ग्रंथींना शेक लागतो.

शेकाला आपल्या गावचाच सुती नॅपकिन घ्या. तो चार पदरी घडी करून सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, घट्ट पिळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. मग मिटलेल्या दोन्ही डोळ्यांवर ठेवा. मिनिटा-दीड मिनिटात तो थंड होतो, इथेच लोक चुकतात. थंड नॅपकिन दहा मिनिटं ठेवून उपयोग नाही. पुन्हा बुडवा, पुन्हा पिळा, असं आठ-दहा मिनिटं. नंतर स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, कडेच्या दिशेने हलकेच फिरवा. बुबुळावर दाब नको. रोज केलंत तर तीन-चार आठवड्यांनी फरक सांगता येईल, आधी नाही.

थेंबांबद्दल. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालत असाल, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मिळतील का विचारा. ते टिकवण्याचं औषधच काही डोळ्यांना चुरचुर आणतं. बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा, महिन्याने टाकून द्या. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं. जेलचे थेंब घातल्यावर थोडा वेळ धूसर दिसतंच, ते तुमच्या यादीत धरू नका. लाली घालवणारे थेंब किंवा स्टिरॉइडचे थेंब मेडिकलमधून मनाने आणू नका. स्टिरॉइडने डोळ्याचं प्रेशर वाढतं आणि माणसाला कळतही नाही. सासूबाईंना सांगा, त्यांची काळजी पोचली, पण एरंडेल, मध, गुलाबपाणी, काहीही डोळ्यात नको. डोळ्यात जाणारी वस्तू निर्जंतुक असावी लागते, घरातली बरणी तशी नसते.

कोरडेपणाच्या मागे कधी दुसरं कारण असतं. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, काही झोपेच्या आणि नैराश्याच्या गोळ्या, मुरुमांच्या गोळ्या डोळे कोरडे करतात. यातलं काही घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, मनाने बंद करू नका. साखर एकदा बघून घ्या, ती वर-खाली झाली की नजरही वर-खाली होते. थायरॉइडही. आणि एक साधा प्रश्न: पाण्याचा घोट न घेता कडक भाकरी गिळता येते का? तोंडही कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर शोग्रेन नावाचा आजार असू शकतो, रक्ताची तपासणी लागते. बायकांत तो जास्त दिसतो आणि वर्षानुवर्षं 'उष्णता' म्हणून अंगावर काढला जातो.

तुमच्या मिस्टरांना एक करून दाखवा. त्यांच्या चष्म्याच्या काचेवर, नसेल तर साध्या काचेवर, पाण्याचा थेंब बोटाने पसरा आणि त्यातून पेपर वाचायला द्या. पाच मिनिटं, मध्ये पुसू देऊ नका. 'डोक्यातून काढून टाक' म्हणणारा माणूस वाईट नसतो. त्याला दिसत नाही एवढंच.

रात्रीचा मोबाईल मात्र तुम्हाला दोन्हीकडून मारतोय. अंधारात स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या मारल्याच जात नाहीत, त्यामुळे सकाळी डोळे आणखी खुपतात. आणि दिवसभर नजरेवर पहारा ठेवला की जे एरवी मेंदू गाळून टाकतो तेही दिसायला लागतं. म्हणजे 'मनाचे खेळ' असं नाही. आभाळातले ठिपके खरे आहेत, फक्त पूर्वी तुम्ही त्यांच्याकडे बघत नव्हता. बघण्याला वेळ ठरवून द्या: संध्याकाळी दहा मिनिटं वहीत नोंद, बाकी दिवसभर वही बंद. तरीही झोप उडालेलीच राहिली, कामात मन लागेना, तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. एवढ्या भीतीत सात महिने एकटीने काढलेत. कुणाशी तरी मोकळं बोलायचा हक्क तुम्हाला आहेच.

वहीचं पान असं करा. काय दिसलं, कोणत्या डोळ्याने, पापणी मारल्यावर गेलं का, किती वेळ टिकलं, तेव्हा काय करत होतात. पंधरा दिवस पुरेत, पण मागचा पडदा बघून घ्यायला त्या पंधरा दिवसांची वाट बघू नका. डॉक्टरांकडे गेल्यावर 'मला काहीतरी विचित्र दिसतं' असं न म्हणता म्हणा, 'सावली पापणी मारली की जाते, रेघ जात नाही. मागचा पडदा बघाल का?' आधीच्याच डॉक्टरांकडे जा. असा प्रश्न विचारला म्हणून चांगले डॉक्टर रागावत नाहीत. त्यांनी मागचा पडदा बघितला, अश्रूंचा पडदा किती सेकंदांत फाटतो ते मोजलं, प्रेशर घेतलं आणि तरी शंका उरली, तर दुसरं मत घ्या. त्यासाठी सोलापूरची माणसं पुण्याला जातात तशी हैदराबादलाही जातात. तिथल्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत बुबुळाचे आणि पडद्याचे वेगवेगळे तज्ज्ञ आहेत.

तपासणीच्या दिवशी स्कूटर घरी ठेवा आणि मुलीला नाही, मिस्टरांना बरोबर न्या. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की चार-सहा तास जवळचं वाचता येत नाही, म्हणून त्या दिवशी कारखान्यात अर्धी नाही, पूर्ण रजा टाका. जाताना गॉगल आणि छत्री घ्या. त्या डोळ्यांना आपल्याकडचं दुपारचं ऊन अजिबात सोसत नाही.